खाजूच्या पुलापर्यंत

"तू पण चल ना, आबजी," फरामर्ज म्हणाला. तो दाराजवळच्या स्टुलावर बसून बुटाची नाडी बांधत होता. मान खाली असल्यामुळे त्याने हे बहिणीला नाही, बुटाला विचारल्यासारखं वाटलं.

परीदोख्त चहाचे पेले विसळत होती. तिने नळ बंद केला.

"नको रे बाबा. माझे गुडघे हे असे. तुझा उगाच खोळंबा होईल."

"बरं," फरामर्ज म्हणाला. "तुला वाटेल तसं."

आणि तो दुसऱ्या बुटाची नाडी बांधू लागला.

परीदोख्तने त्याला थोडा वेळ दिला. धुतलेला एक पेला तिने पुन्हा धुतला. मग, त्याला सोपं जावं म्हणून, तीच म्हणाली, "शिवाय मी काय, इथलीच. मला हे सगळं कधीही बघता येईल."

"हो, तेही खरंच," फरामर्ज म्हणाला. तो उठला, कोट चढवला, कानांत हेडफोनची पांढरी बोंडं घातली. "सहाला टॅक्सी सांगितलीय. त्याच्या आधी बॅग न्यायला येतो." दार लागलं. जिन्यावर त्याच्या पावलांचा आवाज खाली खाली जात संपला.

दारामागे परीदोख्तचे काळे बूट होते. काल संध्याकाळी तिने ते पॉलिश केले होते आणि सकाळी वाकायला त्रास नको म्हणून नाड्या सैल करून ठेवल्या होत्या.

फरामर्ज एकतीस वर्षांनी इस्फहानला, घरी आला होता. स्वीडनमध्ये, गोथेनबर्ग नावाच्या गावात तो ट्राम चालवायचा. दोघांच्यात तो पाच वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा त्याला येता आलं नव्हतं. कागदपत्रांची काहीतरी अडचण होती, आणि ती अडचण नेमकी काय हे परीदोख्तने विचारलं नव्हतं. आता तीन दिवसांसाठी आला होता. पहिला दिवस कबरस्तान आणि मावशीकडे गेला. दुसरा दिवस चुलत भावंडांकडे, भाताच्या तीन पातेल्यांसमोर. आजचा एवढाच दिवस मोकळा होता.

त्याच्या मुलाने त्याला फोनमध्ये एक ध्वनिमुद्रण घालून दिलं होतं. शहरातून स्वतःचं स्वतः फिरण्यासाठी. जुन्या जामे मशिदीपासून निघायचं आणि नदीवरच्या खाजू पुलापर्यंत जायचं. कुठे वळायचं, कुठे थांबायचं, कशाकडे मान वर करून बघायचं, ते कानात एक माणूस इंग्रजीत सांगतो. "ज्या गावात वाढलो तिथे नकाशा घेऊन फिरायचं," फरामर्ज काल हसत म्हणाला होता, "पण पोराला शब्द दिलाय. आणि खरं सांगू, आपण हे कधी नीट बघितलंच नाही. नुसते पळत होतो त्याच्यातून." परीदोख्तने थांब्यांची नावं त्याच्याकडून काल दोनदा ऐकून घेतली होती. आपण कुठे बसू, कुठे जेवू, हेही तिने मनात ठरवलं होतं.

दुपार व्हायच्या आत वरच्या मजल्यावरची एश्रत खानुम ‘आश’चं, म्हणजे घट्ट सुपाचं, भांडं घेऊन आली. एश्रत खानुमचा नवरा बहिरा नव्हता, पण ती त्याच्याशी बोलायची त्याच आवाजात सगळ्यांशी बोलायची.

"अगं, तू घरात? मी म्हटलं तू भावाबरोबर गावभर मिरवत असशील. त्याने नेलं नाही तुला?"

"तो चल म्हणाला होता."

"मग?"

"मी नको म्हटलं."

"ते तर म्हणणारच. मग तो काय म्हणाला?"

"बरं म्हणाला."

एश्रत खानुमने भांडं ओट्यावर ठेवलं. "बरं म्हणाला म्हणजे? परत विचारलं नाही?"

"नाही. एकदाच विचारलं."

"एकदाच!" एश्रत खानुम खुर्चीवर बसली. "मग ते विचारणं कसलं, परी? आमच्या इस्त्रीवाल्याला मी चहा घे म्हणून तीनदा सांगते, आणि तो मेला माझे पडदे जाळतो."

परीदोख्तला हसू आलं, पण ते पुरतं आलं नाही. ती एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरीभर सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताच्या काचा बघून पेशी मोजत होती. एकच मोजणी घेऊन तिने कधी निकाल लिहिला नाही. दुसरी मोजणी घ्यायची, दोन्ही जुळल्या तरच सही करायची. हे तिला कोणी शिकवायच्या आधीच ठाऊक होतं, कारण घरात, बाजारात, लग्नाच्या बोलण्यांत माणसं एकमेकांशी असंच वागायची. पहिलं "नको" हे उत्तर नसतं. विचारणाऱ्याने आपण मनापासून विचारतोय हे त्यानंतर दाखवायचं असतं.

"विसरला तो," एश्रत खानुम म्हणाली. "गोऱ्यांच्यात राहून विसरला. फोन कर त्याला."

"आणि काय सांगू? ने मला म्हणून?"

"हं." एश्रत खानुमलाही ते जमण्यासारखं वाटेना. मग तिचं लक्ष दारामागच्या बुटांकडे गेलं. तिचा आवाज खाली आला. तिच्या बाबतीत हे क्वचितच व्हायचं. "हे बघ," ती म्हणाली, "रस्ते काय त्याच्या बापाचे आहेत? तुझ्याही बापाचे आहेत. ऊठ. तू तुझी फीर. वाटेत भाऊ भेटला, तर भेटला."

परीदोख्तने सुपाचं भांडं रिकामं करून त्यात बदाम घातले, ते एश्रत खानुमच्या हातात दिलं आणि बूट घातले.

जामे मशिदीपाशी टॅक्सीतून उतरली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. इथे ती शाळेच्या सहलीनंतर आली नव्हती. बाईंनी रांगेत उभं करून काहीतरी सांगितलं होतं आणि सगळ्यांचं लक्ष डब्यांकडे होतं. आज अंगणात एक बाई झाडत होती आणि कबुतरं तिच्या झाडूपुढे दोन-दोन पावलं सरकत होती. उत्तरेकडचा विटांचा घुमट आतून अगदी साधा होता. रंग नाही, चकचकीत फरशा नाहीत, नुसत्या विटा. परीदोख्त मान वर करून उभी राहिली. एवढ्या विटांपैकी एकीवरही दुसरीपेक्षा जास्त भार नव्हता, असं ते दिसत होतं. कानातला माणूस इथे फरामर्जला काय सांगत असेल, असा तिच्या मनात विचार आला. मग वाटलं, आपण असतो तर काहीच सांगितलं नसतं. नुसते दोघं वर बघत राहिलो असतो.

फरामर्ज तिथे नव्हता.

मशिदीच्या मागून बाजार सुरू होतो आणि छताखालून थेट मोठ्या चौकापर्यंत जातो. वरच्या भोकांतून उन्हाचे खांब खाली उतरले होते आणि त्यांच्यात धूळ फिरत होती. परीदोख्त एका बाजूने हळूहळू चालत राहिली. करडा कोट दिसला की तिची पावलं भरभर पडायची, आणि तो कोट दुसऱ्याच कोणाचा तरी निघायचा.

हळद आणि वाळलेली लिंबं विकणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या दुकानाशी ती टेकली.

"या, बसा, खानुम. दुकान तुमचंच आहे."

"तुमची सावली राहो. इकडून एक जण गेला का? कानात पांढरं काहीतरी घातलेला?"

"हल्ली कानात सगळ्यांच्याच असतं. माझ्या जावयाच्या कानात तर माझी मुलगी बोलते तेव्हाही असतं."

"साठीकडे आलेला आहे. करडा कोट."

"तो!" म्हाताऱ्याने मांडीवर थाप मारली. "अहो, तो बोलायला लागला आणि मला वाटलं, माझे आजोबाच कबरीतून उठून लिंबं घ्यायला आले. असं इस्फहानी आता कोण बोलतं? माझी नातवंडं टीव्हीसारखी बोलतात. जीभ आजोबांची आणि बूट परदेशातले! तुमचा कोण?"

"भाऊ."

"देव त्याला ठेवो. इथेच बसला होता, तुम्ही बसलात तिथेच. चहा घेतला. पण सगळा वेळ तोंड तिकडे, आलेल्या वाटेकडे. मी म्हटलं, आगा, कोणी मागे राहिलंय का? तर म्हणाला, नाही, ती येणार नाही."

परीदोख्तने डोक्यावरचा रुमाल उगाच सारखा केला.

"असं म्हणाला?"

"असंच म्हणाला. मला वाटलं, बायको असेल, रुसली असेल."

तिने वाळलेली लिंबं घेतली. म्हातारा पैसे घेईना. तुमच्यापुढे लिंबांचं काय मोल, असं म्हणून त्याने हात मागे घेतला. तिने तिसऱ्यांदा नोट पुढे केली तेव्हा त्याने ती कपाळाला लावून गल्ल्यात टाकली. पहिल्यांदाच घेतली असती तर दोघांनाही कसंतरीच वाटलं असतं.

पुढचा बाजार ती जवळजवळ न थांबता चालली. गुडघे बोलत होते, पण तिने त्यांचं ऐकलं नाही. त्याला आपण हवे होतो. हे तिला आता माहीत झालं होतं, आणि ते कळल्यावर दिवस एकदम लहान वाटायला लागला. सहाला टॅक्सी. तो बॅग घ्यायला येईल, दारातच उभा राहील, जॅकेट घातलेल्या माणसाला मिठी मारली की जशी अवघडल्यासारखी होते तशी एक मिठी, आणि झालं. पुढचं येणं कधी, हे दोघांनीही तीन दिवसांत काढलं नव्हतं.

चौकात उजेड इतका होता की तिला क्षणभर काही दिसेना. घोडागाड्या, कारंजी, हिरवळीवर पसरलेल्या सतरंज्या. फरामर्ज कुठेच नव्हता. आली कापू महालाच्या खालच्या कमानीत मात्र थोडी गर्दी होती. तिथे समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत दोघांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. एकाने भिंतीशी हळूच बोललेलं छतावरून फिरून दुसऱ्याला ऐकू येतं. लहानपणी ती आणि फरामर्ज इथे येऊन एकमेकांना शिव्या द्यायचे. घरी देता न येणाऱ्या सगळ्या शिव्या.

एक कोपरा रिकामा होता. परीदोख्त तिथे जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. का, ते तिला सांगता आलं नसतं. विटेला थंड वास होता.

"अजून रागावलीयेस?" भिंत म्हणाली.

पुरुषाचा आवाज होता, दबका, थकलेला. परीदोख्तचा हात भिंतीवर गेला.

"बोल ना. चूक माझीच होती, मान्य. पण काही बोलशील तर."

तिने तोंड विटेजवळ नेलं.

"नाही," ती भिंतीला म्हणाली. "रागावले नाही."

पलीकडून चपलांचा आवाज, आणि एक पोट सुटलेला, टक्कल पडलेला माणूस खांबाआडून तिच्यासमोर आला. त्याच्या हातात बायकोची पर्स होती.

"माफ करा, हाज खानुम! मला वाटलं माझी बायको. इथेच उभी केली होती तिला."

"ती बघा तिकडे," परीदोख्त म्हणाली. कारंज्याच्या कठड्यावर एक बाई पाठ करून केशरी आइस्क्रीम खात होती.

"बघा! मी इथे भिंतीची माफी मागतोय." तो दोन पावलं गेला आणि वळला. "पण तुम्ही बरं बोललात. मला जरा धीर आला."

"तिला दोनदा विचारा," परीदोख्त म्हणाली.

चहारबागच्या लांब रस्त्यावर आता गाड्या नसतात. चिनारांची पानं पिवळी होऊन खाली आली होती. एका बाकावर ती बसली आणि तिला वाटलं, बस झालं. इथून घर जवळ आहे. त्याच्यासाठी वाटेत खायला काहीतरी बांधून ठेवावं. लोकांच्या बहिणी हेच करतात आणि ते वाईट नसतं. ती उठली. घराकडे जायचं तर उजवीकडे वळायला हवं होतं. ती सरळ गेली.

तेहेतीस कमानींच्या पुलावर तिने नदी बघितली. म्हणजे नदी असते ती जागा बघितली. वरच्या धरणातून पाणी सोडतात तेव्हाच नदीला पाणी असतं, आणि या वर्षी अजून सोडलं नव्हतं. पात्रात भेगा पडलेली माती, तिच्यावर टायरांच्या खुणा, आणि पांढऱ्या हंसाच्या आकाराच्या पायडलच्या होड्या एका बाजूला कलंडून पडलेल्या. परीदोख्तला याची सवय होती. फरामर्जला नव्हती. त्याने स्वीडनमधून दर फोनला विचारलं होतं, नदी कशी आहे? आणि ती दर वेळी, लांब असलेल्या माणसाला कशाला, म्हणून सांगत आली होती, बरी आहे.

आणि आज त्याने ती एकट्याने बघितली असणार.

काठाकाठाने खाजू पुलाकडे जाताना तिने गुडघ्यांचा विचारच केला नाही.

पुलाच्या खालच्या अंगाला दगडी पायऱ्या पात्रात उतरतात. पाणी असतं तेव्हा लोक पाय सोडून बसतात. आताही बसले होते, सवयीने. कमानीखाली एक म्हातारा डोळे मिटून गात होता. आणि पायऱ्यांवर, कोटाची कॉलर वर केलेला, फरामर्ज.

"आबजी?" तो अर्धवट उठला. "तू इथे?"

"या बाजूला काम होतं."

"कसलं काम?"

"लिंबं घ्यायची होती."

फरामर्जने तिच्या हातातली कागदी पुडी बघितली. मग स्वतःच्या खिशात हात घातला आणि तशीच पुडी बाहेर काढली. दोघांनी एकमेकांच्या पुड्या बघितल्या.

"तो म्हातारा फार बोलतो," फरामर्ज म्हणाला.

"फार."

त्याने शेजारची पायरी रुमालाने पुसली आणि ती तिथे बसली. बसताना गुडघ्यांनी आवाज केला. तो हसला नाही.

"तू येणार नाही म्हणालीस."

"तू एकदाच विचारलंस."

फरामर्जने तिच्या गुडघ्यांकडे बघितलं. सकाळचं सगळं त्याला पुन्हा ऐकू येत असावं. त्याने कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा. गुडघे. खोळंबा. मी इथलीच."

"हो."

"आबजी, तिकडे माणूस नाही म्हणाला की दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे उद्धटपणा. माझा पोरगा मला म्हणतो, बाबा, समोरच्याने नाही म्हटलं ना, मग सोड ना आता." तो खाली बघत होता. "आणि मला वाटलं, तुला माझ्याबरोबर फिरायचंच नाहीये. आईच्या वेळी आलो नाही मी. तू काही बोलली नाहीस. तीन दिवस नुसतं वाढतेयस मला."

"बूट पुसून दारात ठेवले होते मी."

"बघितले. म्हटलं, मी कधी निघतोय याची वाट बघतेय. हिला कुठेतरी जायचं असेल."

परीदोख्त हसली. हसता हसता तिला रुमालाच्या टोकाने डोळे पुसावे लागले. म्हातारा गाण्याच्या एका ओळीवर अडकून तीच ओळ पुन्हा म्हणत होता.

"मी प्रत्येक ठिकाणी ते दोनदा ऐकलं," फरामर्ज म्हणाला. "तो माणूस पुढे चला म्हणायचा आणि मी बटण दाबून परत मागे न्यायचो. चौकात तर तीनदा. तरी तू येईनास."

"मी भिंतीशी बोलत होते."

"काय?"

"काही नाही. नंतर सांगेन." मग तिला आठवलं की नंतर म्हणजे सहा वाजेपर्यंत.

फरामर्जने पात्राकडे हात केला. "नदी बरी आहे म्हणायचीस."

परीदोख्तने लिंबांच्या पुडीचं तोंड पुन्हा दुमडलं.

मग त्याने खिशातून फोन काढला. "शेवटचा थांबा राहिलाय. हाच. तुझ्यासाठी ठेवला होता असं नाही म्हणत, पण ठेवला होता. ऐकतेस?"

"मला ते इंग्रजी कुठे कळतंय? बाटल्यांवरचं तेवढं येतं."

"ऐक ना."

"तू ऐक. मला नंतर सांग."

फरामर्जने तिच्याकडे बघितलं. "ऐक ना, आबजी," तो तिसऱ्यांदा म्हणाला.

"बरं," परीदोख्त म्हणाली.

त्याने एक बोंड आपल्या कानात ठेवलं आणि दुसरं, रुमाल जरासा बाजूला सारून, लहान मुलाला टोपी घालावी तसं, तिच्या त्याच्या बाजूच्या कानात बसवलं. डाव्या. त्या कानाने तिला ऐकू येणं बंद होऊन काही वर्षं झाली होती. आईच्या आजारपणात एका तापानंतर ते गेलं होतं. फोनवर सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती, आणि फोनला उजवा कान होताच.

फरामर्जने बटण दाबलं. तो थोडा वेळ ऐकत राहिला. मग त्याने बोट वर केलं.

"आता तो बोलायचा थांबलाय," तो हळू आवाजात म्हणाला. "म्हणाला, आता खाली कमानींतून जाणारं पाणी ऐका. नदी होती तेव्हाचं मुद्रण असणार. ऐक. आपल्याच पुलाचं पाणी आहे ते. ऐकू येतंय?"

"येतंय," परीदोख्त म्हणाली.

तिने तोंड पात्राकडे केलं नाही. ती भावाच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. त्याची नजर कोरड्या मातीवरून हळूहळू सरकत होती, थोडी पुढे जाऊन मागे येत होती आणि पुन्हा सरकत होती, वाहत्या पाण्याबरोबर सरकते तशी. ती त्या नजरेच्या मागोमाग बघू लागली.